महसीरवरच्या गळबंदीला आमचा विरोध का?

हौसेखातर मासे धरणाऱ्यांवरची बंदी उठवा, अशी मागणी आंबेडकरी कार्यकर्त्यांनी केली तर पहिला प्रश्न येणार, 'तुम्हाला दुसरे विषय उरले नाहीत का?' विषय भरपूर आहेत. शिष्यवृत्त्या अडकलेल्या आहेत, कंत्राटीकरण चालू आहे, ॲट्रॉसिटीच्या केसेस वर्षानुवर्षे लोंबकळत आहेत. तरीही आज आम्ही कावेरी नदीतल्या एका माशाबद्दल लिहिणार आहोत. कारण त्या माशाच्या नावाने झालेल्या बंदीत आपल्या चांगल्याच ओळखीची एक पद्धत दिसते. वर बसलेले लोक चांगल्या हेतूने नियम करतात, नियमातला शब्द मोठा पवित्र असतो, आणि त्याचा भार मात्र ज्याला कुणी विचारलेच नव्हते त्याच्या डोक्यावर येऊन पडतो.

मासा आहे महसीर. गोड्या पाण्यातला, मोठ्या खवल्यांचा, खडकाळ आणि वाहत्या पाण्यात राहणारा. गळ टाकणाऱ्यांच्या जगात त्याला वाघाचा मान आहे. 1946 साली कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महसीर गळाने काढला होता. त्या विक्रमाची चर्चा अजून संपलेली नाही. (हे घराणे मेलेल्या वाघ-बिबट्यांत पेंढा भरून राजेरजवाड्यांचे दिवाणखाने सजवून देत असे. महसीरचा इतिहास कुठल्या दिवाणखान्यातून सुरू होतो, हे आम्ही विसरलेलो नाही.)

हा मासा आपल्यालाही परका नाही. महसीरची एक जात शास्त्रात प्रथम नोंदली गेली ती पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये तिचे वर्णन केले. आज त्याच मुळा-मुठेच्या काठी नाक दाबून उभे राहावे लागते. तिथे महसीर धरायला बंदी आहे की परवानगी, याने माशाला काडीचाही फरक पडत नाही.

आता कावेरीकडे वळू. कर्नाटकात कावेरीच्या जंगलातल्या पट्ट्यावर 1987 मध्ये अभयारण्य घोषित झाले. त्याच पट्ट्यात भीमेश्वरी, गालिबोरे आणि दोड्डमकळी इथे राज्य सरकारच्याच 'जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स' या कंपनीचे मासेमारी कॅम्प होते. देशोदेशीचे हौशी लोक पैसे भरून तिथे येत. नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा गळाला लावायचा, बांबूच्या गोल टोपलीसारख्या होडीतून पाण्यात जायचे, मासा लागला की तास-अर्धा तास त्याच्याशी झुंजायचे. मग मासा काठाशी आणायचा, वजन करायचे, फोटो काढायचा, वहीत नोंद करायची आणि तो जिवंत पाण्यात सोडून द्यायचा. 'पकडा आणि सोडा' हा तिथला नियम होता. मासा कुणी खात नसे.

2012 च्या सुमारास हे सगळे बंद पडले. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 2(16) मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे आणि ती फार ऐसपैस आहे. मारणे ही शिकार आहेच. पण पकडणे, सापळ्यात अडकवणे, हाकणे, आमिष लावणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हीसुद्धा शिकारच. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने या व्याख्येचा अर्थ असा घेतला की, संरक्षित क्षेत्रात गळ टाकणे म्हणजे शिकार, मग मासा सोडून दिला तरी. कॅम्प राहिले, पण गळ गेला. आता तिथे पर्यटक निसर्ग पाहायला येतात. याच कायद्याचे कलम 28 अभयारण्यात पर्यटनासाठी प्रवेश द्यायची मुभा देते, त्यामुळे डिझेलचा धूर सोडत जाणाऱ्या जीपला अडचण नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, बरे झाले. साहेब लोकांचा खेळ बंद झाला, माशाचा जीव वाचला. आम्हालाही आधी असेच वाटायला हवे होते. पण समाजशास्त्राने एक सवय लावली आहे. कुठलाही नियम वाचताना त्याच्या आजूबाजूला कोण कोण उभे आहे ते मोजायचे.

कावेरीच्या त्या काठावर तीन माणसे उभी आहेत. पहिला साहेब, बंगळुरूचा किंवा लंडनचा. त्याच्या हातात महागडी काठी आणि चाक. दुसरा त्याच्या शेजारी उभा असलेला स्थानिक माणूस. होडी वल्हवणारा, पाण्याची खोली सांगणारा, नाचणीचा गोळा मळणारा, लागलेला मासा हाताने काठाला आणणारा. इंग्रज याला 'गिली' म्हणत आणि कावेरीवर तोच शब्द चालत आला. स्कॉटलंडच्या भाषेतल्या या शब्दाचा मूळ अर्थ पोऱ्या, नोकर. नावातच हुद्दा आहे. तिसरा माणूस थोडा लांब, खडकाआड उभा आहे. त्याच्याकडे दोरा आणि गळ आहे, किंवा फाटके जाळे आहे, आणि त्याला संध्याकाळच्या कालवणासाठी मासा हवा आहे.

कायदा या तिघांनाही एकाच शब्दाने हाक मारतो, शिकारी. आमचा पहिला आक्षेप इथेच आहे. साहेबाचा मासा पाण्यात परत जातो आणि गावकऱ्याचा मासा चुलीवर जातो. मासा जिवंत सोडून देणारा पहिला माणूस जर शिकारी ठरत असेल, तर तिसरा माणूस दुप्पट शिकारी ठरला. बंदीची घोषणा पहिल्याला उद्देशून होते म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण तिच्यामागचा युक्तिवाद तिसऱ्याच्या मानगुटीवर बसतो. साहेबाला काय, त्याला हिमालयातल्या नद्या आहेत, थायलंड आहे, नॉर्वे आहे. विमानाचे तिकीट काढले की त्याची बंदी संपली. खडकाआडच्या माणसाला दुसरी नदी नाही.

आणि मधला माणूस, तो गिली? त्याच्याबद्दल वाईट वाटून घेणारे लेख इंग्रजीत पुष्कळ आले, बहुतेक साहेबांनीच लिहिलेले. त्यात एक ठरलेली गोष्ट असते. पूर्वी हा चोरून मासे मारायचा, सुरुंग लावायचा, मग आम्ही त्याला नोकरी दिली आणि तो नदीचा राखणदार झाला. या गोष्टीत साहेब तारणहार असतो आणि गिली सुधारलेला गुन्हेगार. 'गुन्हेगार जमाती'चा शिक्का ज्यांनी जगून पाहिला आहे त्यांना या गोष्टीची चाल लगेच कळेल. तिच्यातला उपकाराचा सूर बाजूला काढला की जे उरते ते मात्र खोटे नाही. कॅम्पमध्ये स्थानिकांना रोजगार होता. त्यांतल्या काहींचा आधीचा व्यवसाय चोरटी मासेमारी हाच होता. वर्षाचे कित्येक महिने काठावर माणसे हजर असायची, आणि ज्या काठावर माणसे हजर असतात तिथे सुरुंग लावणे अवघड होते. हे कळायला पीएचडी लागत नाही. बंदीने त्या माणसांची हजेरी काढून घेतली. त्या जागी पुरेसे वनरक्षक नेमले गेले का, ज्यांची कामे गेली त्यांना कोणती कामे मिळाली, याचा हिशेब बंदी घालणाऱ्यांनी लोकांपुढे ठेवायला हवा होता.

सुरुंगाचा विषय निघालाच आहे तर एक जुनी तारीख लक्षात ठेवा. पाण्यात स्फोटके लावून किंवा विष कालवून मासे मारणे या देशात 1897 पासून गुन्हा आहे. भारतीय मत्स्य अधिनियम 1897, कलम 4 आणि 5. सव्वाशे वर्षांहून जुना हा कायदा आजही नद्यांच्या काठी धाब्यावर बसवला जातो, आणि आपण नवी बंदी आणून नदी वाचवल्याचे समाधान मिळवतो. जी बंदी पाळणे सर्वांत सोपे, ती घालणेही सर्वांत सोपे. परवाना काढून, पैसे भरून, नाव-गाव लिहून मासा धरणारा माणूस एका परिपत्रकाने थांबतो. रात्री सुरुंग घेऊन येणारा परिपत्रके वाचत नाही.

आता नोंदवहीकडे येऊ. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि सर्वांत कमी चर्चा झालेलाही. गालिबोरेच्या कॅम्पमध्ये 1998 ते 2012 या काळात पकडून सोडलेल्या महसीरांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. सहा हजारांहून अधिक मासे. कधी धरला, किती वजनाचा, किती तास गळ टाकल्यावर. संशोधकांनी या वह्या तपासल्या आणि 2015 मध्ये निष्कर्ष छापले. त्यातून जे निघाले ते धक्कादायक होते. कावेरीचा स्वतःचा, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला कुबडा महसीर वेगाने नाहीसा होत होता. गळाला लागणाऱ्यांत त्याची लहान पिल्ले दिसेनाशी झाली होती, उरले होते थोडे म्हातारे मोठे मासे. म्हणजे नवी पिढी जन्मत नव्हती किंवा टिकत नव्हती. त्याच वेळी निळसर परांचा दुसरा महसीर मात्र वाढत चालला होता.

हा दुसरा महसीर आला कुठून? आपल्या लोणावळ्याहून. वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकात महसीरची पैदास सुरू केली. तिथली पिल्ले देशभरच्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतसुद्धा. महसीर वाचवण्याचे थोर काम म्हणून तिचे कौतुकही झाले. पण एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत टाकला की तो तिथल्या मूळ माशाच्या जागेवर बसतो, हे लक्षात यायला तीसेक वर्षे लागली. या प्रकरणात गळवाल्या हौशी मंडळींचेही हात स्वच्छ नाहीत. भरपूर मासा गळाला लागावा म्हणून ही पिल्ले हवी असणाऱ्यांत तेही होतेच.

2018 मध्ये कुबड्या महसीरची शास्त्रीय ओळख अखेर पक्की झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदवले गेले. लोणावळ्याच्या निळ्या महसीरला मात्र फारसा धोका नाही, असे त्याच यादीने ठरवले. आता विचार करा. एक मासा नष्ट होत चालला आहे, ही बातमी आपल्याला कुणी दिली? वनखात्याच्या गणतीने नाही. पाण्याखाली काय चालले आहे ते वाघासारखे कॅमेरा लावून मोजता येत नाही. बातमी दिली ती गळ टाकणाऱ्यांच्या वहीने, आणि त्या वहीत भर पडत होती ती गिलीच्या हातांनी काठाला आणलेल्या एकेका माशाने. ज्या वर्षी वही बंद झाली, त्या वर्षी नदीवर ठेवलेला डोळाही बंद झाला. 'करंट सायन्स' या नियतकालिकात 2013 सालीच संशोधकांनी हौशी मासेमारीचा महसीरच्या रक्षणाला उपयोग होतो, अशी मांडणी केली होती.

बंदीने कुबड्या महसीरला ज्याने मारले त्यातले काय थांबले? बाहेरून आणलेला मासा नदीतच आहे. वरची धरणे तिथेच आहेत. उन्हाळ्यात आटणारा प्रवाह, वाळूउपसा, शहरांचे सांडपाणी, सगळे जिथल्या तिथे. (धरणांचे नाव काढले की आपलेच काही मित्र विचारतात, मग बाबासाहेब धरणांचे समर्थक नव्हते का? होते. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखाते सांभाळताना त्यांनी दामोदर खोऱ्याची योजना आणि देशाच्या जलधोरणाची पायाभरणी केली. नदीचे पाणी नियोजनाने सर्वांच्या उपयोगाला यावे, हा त्यांचा आग्रह होता. पुढच्या प्रत्येक धरणाने नदीचे जे केले त्याचे बिल त्यांच्या नावावर फाडू नका.)

आमच्या एका अभ्यासवर्गात हा विषय मांडला तेव्हा पोरे आधी हसली. मग एका मुलीने सरळ विचारले, 'आपण पंचशील घेतो. प्राण्याच्या ओठात गळ अडकवून अर्धा तास त्याला दमवायचे आणि फोटो काढून सोडायचे, यात करुणा कुठे आहे?' प्रश्न बिनतोड आहे. आमचे उत्तर असे. आम्ही स्वतः हौसेसाठी गळ टाकणार नाही. मासा खाण्यासाठी धरणे आम्हाला समजते, खेळण्यासाठी धरणे समजत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेची चर्चा करताना गरजेपोटी मारणे आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. तत्त्व आणि नियम यांतही फरक केला आहे. तत्त्व माणसाला विचार करायची मोकळीक देते, नियम ती देत नाही, असा त्याचा आशय. जैनांसारखी टोकाची अहिंसा बुद्धाची नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले आहे. या कसोटीवर साहेबाचा खेळ टीकेला पात्र ठरतो. पण तीच कसोटी हेही सांगते की, गरजेपोटी धरणारा आणि हौसेपोटी धरणारा यांना एकाच पिंजऱ्यात उभे करणारा नियम धम्माचा नव्हे.

शील माणसाने स्वतःहून घ्यायचे असते. ते फौजदारी कलम बनवून दुसऱ्यावर लादले की त्याचे काय होते, हे महाराष्ट्राने 2015 सालच्या गोवंश हत्याबंदीत पाहिले आहे. करुणेच्या नावाने आलेल्या त्या कायद्याने कुणाचे ताट रिकामे झाले, कुणाचा कातड्याचा धंदा बसला आणि कुणाला रस्त्यावर अडवून मारले गेले, ते वेगळे सांगायला नको. मासा त्या रांगेत अजून आलेला नाही म्हणून निश्चिंत राहण्यासारखे दिवस नाहीत.

आता कायद्याचेच बोलू, कारण भावनेवर बंदी उठत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 3(1) उघडा. त्याच्या (घ) खंडात, इंग्रजी प्रतीत (डी), वनात राहणाऱ्या समूहांच्या सामूहिक हक्कांत मासे आणि जलाशयांतली इतर उत्पादने यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कलमात पुढे पारंपरिक हक्कांना मान्यता देताना शिकारीचा हक्क मात्र वगळला आहे. म्हणजे संसदेने एकाच कलमात मासे हक्कांत घातले आणि शिकार हक्कांबाहेर ठेवली. मासे धरणे म्हणजे शिकार असे संसदेला वाटत असते, तर तिने एकाच गोष्टीला एका खंडात हक्क आणि दुसऱ्या खंडात अपवाद ठरवले असते का? आणि हा कायदा अभयारण्यांना आणि राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. 2011 मध्ये कर्नाटकातल्याच बिळिगिरी रंगन डोंगरातल्या सोलिगा आदिवासींचे सामूहिक वनहक्क व्याघ्र प्रकल्पाच्या आत मान्य झाले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत हक्क बसू शकतो, तर नदीकाठी का नाही?

नागपूर भागातल्या मित्रांना तोतलाडोह ठाऊक असेल. पेंच नदीवरचे धरण, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या सीमेवर. मध्य प्रदेश सरकारने तिथल्या विस्थापित आदिवासींना मासेमारीचे 305 परवाने दिले आणि पर्यावरणवाद्यांची एक संस्था त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. 1997 मध्ये न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. अटी घातल्या. परवान्यावर फोटो हवा, परवाना दुसऱ्याला देता येणार नाही, काठावर चूल पेटवायची नाही. त्या अटी आम्हाला आवडतात असे नाही, काही जाचक आहेत. पण जंगलही राहील आणि माणूसही राहील असा रस्ता शोधणे शक्य असते, हे देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानाच्या बाबतीत दाखवून दिलेले आहे. बंदी हा शोध घ्यायचा कंटाळा आहे.

पाण्यावरच्या हक्काची गोष्ट आपल्या चळवळीला कुणी शिकवायची गरज नाही. पण एक सावधगिरी हवी. साहेबाच्या गळाची तुलना चवदार तळ्याशी कुणी करू नये. 20 मार्च 1927 ला आपली माणसे तळ्यावर गेली ती खेळायला गेली नव्हती, माणूस म्हणून गेली होती. महाडचे उदाहरण आम्ही दुसऱ्या कारणासाठी देतो. मुंबई विधिमंडळात 1923 साली बोले ठराव झाला होता, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला होता, कागद सगळा आपल्या बाजूने होता. तरीही पाण्याला हात लावता येत नव्हता. उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडले. कागदावर पाणी कुणाचे आहे आणि काठावर कोण हुकूम चालवतो, या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे महाडने आपल्याला दाखवले.

त्याच महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाची जागा आहे. वरदायिनी देवीचे ठिकाण. तिथल्या डोहात महसीर आहेत, लोक त्यांना देवीचे मासे मानतात, खायला घालतात आणि कुणी धरत नाही. सरकारी अभयारण्याशिवाय मासा टिकल्याचे उदाहरण म्हणून अभ्यासक वाळणकोंडचे नाव घेतात, आणि ते खरेही आहे. लोकांनी ठरवले तर डोह राखता येतो. पण आम्ही देवीच्या धाकावर नदी राखायच्या बाजूचे नाही. ज्या समाजाने माशाला देव केले त्याच समाजाने त्याच तालुक्यात माणसाला पाण्यापासून हाकलले. पशुपक्षी त्या तळ्यावर येऊ शकत होते, आपण नाही. मासा राखायचा तर तो ग्रामसभेच्या ठरावाने राखू, ज्या सभेत शेवटच्या घरातल्या बाईलाही हात वर करता येतो.

मग आम्हाला हवे आहे ते काय? गळ मोकाट सोडा, असे आम्ही म्हणत नाही. अंडी घालायच्या दिवसांत सगळ्यांचाच गळ बंद राहावा, याला कुठलाही मच्छीमार विरोध करत नाही. पावसाळ्यातली समुद्रातली बंदी कोळी बांधव पाळतातच. हौशी माणसाला परवाना द्या, त्याचे शुल्क भरपूर ठेवा, काटा नसलेला गळ सक्तीचा करा. ते शुल्क राजधानीच्या तिजोरीत न जाता काठावरच्या ग्रामसभेकडे जावे. नोंदवही पुन्हा सुरू व्हावी, आणि तिच्यावर गिलीचे नाव 'जलरक्षक' किंवा दुसऱ्या कुठल्या स्वाभिमानी पदाने असावे, त्याला मजुरी नव्हे तर पगार असावा. पोटासाठी धरणाऱ्या माणसाला या सगळ्यातून वेगळे काढा, त्याचा हक्क वनहक्क कायद्याने ठरू द्या. आणि परक्या नदीचा मासा कुठल्याही नदीत सोडणे थांबवा. तिथे हवी तर कडक बंदी घाला, आम्ही पहिल्या रांगेत येऊन समर्थन देऊ.

पर्यावरण हा उच्चवर्णीयांचा विषय आहे म्हणून आपल्यातले पुष्कळ कार्यकर्ते त्याकडे पाठ फिरवतात. पाठ फिरवल्याने तो विषय त्यांचाच राहतो. वन्यजीव मंडळांवर, समित्यांवर, परिपत्रकांच्या मसुद्यांवर कुणाची आडनावे असतात ते एकदा वाचून पाहा. नोकरीतल्या आणि शिक्षणातल्या प्रतिनिधित्वासाठी आपण जन्मभर भांडलो. नदी, जंगल आणि डोंगर यांचे नियम जिथे ठरतात तिथे आपण अर्जही केलेला नसतो.

अर्जाची एक जागा कायद्यातच आहे, ती सांगून ठेवतो. नवे अभयारण्य करायचे ठरले की वन्यजीव कायद्याच्या कलम 21 खाली जिल्हाधिकाऱ्याला स्थानिक भाषेत उद्घोषणा काढावी लागते, आणि ती निघाल्यापासून दोन महिन्यांच्या आत लोकांनी आपापल्या हक्कांचे लेखी दावे द्यायचे असतात. बहुतेक गावांत ती उद्घोषणा चावडीच्या भिंतीवर लागते, पावसात भिजते आणि मुदत संपते. तुमच्या तालुक्यात तसा कागद लागला तर त्याचा फोटो काढून गटात टाका आणि त्याच आठवड्यात वस्तीत बैठक घ्या. दावा लिहिताना आपण घर लिहितो, शेत लिहितो, पायवाट आणि स्मशानभूमी लिहितो. नदीही लिहा. कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात, कोणते मासे, गळाने की जाळ्याने, किती पिढ्यांपासून धरता, ते सगळे लिहा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना बोलते करून लिहा, त्यांच्या अंगठ्यांसकट. आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.